तुझ्या नावावरची चौथी चूक

महादेव,

तू हंगामीच गेलास. तीस वर्षं अमरावतीच्या ह्या कंपाउंडर वर्गात शिकवलंस, अर्ध्या वऱ्हाडातल्या दवाखान्यांत आज तुझ्या हाताखालून गेलेली पोरं बाटल्या भरताहेत, आणि तुझ्या नावापुढे शेवटच्या दिवसापर्यंत ‘हंगामी शिक्षक’ असंच लिहिलं गेलं. लोक म्हणतात, नशीब. मला तसं म्हणून मोकळं होता येत नाही. तुला ज्या अटीने अडवलं ती मी लिहिली होती. वर, ती लिहिताना आपण तुझ्यावर मोठे उपकार करतो आहोत असंही मला वाटत होतं.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. वर्गात पाऊल टाकलं की अजून तुझ्यावर ओरडायला तोंड उघडतं. स्पिरिटची बाटली उघडी का, पोरं अजून खाली का बसलीत, फळा कुणी पुसला नाही. मग आठवतं. सव्वीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत असतात आणि मी उगाच चष्मा पुसत बसतो.

आपण दोघं ह्याच वर्गातून एकाच वर्षी पास झालो. धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या, एक लांब टेबल, आठ खल आणि दोन तराजू. मी अचलपूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिक झालेला आणि त्याची घमेंड असलेला. तू अकोल्याचा माळ्याचा पोर, शाळा मध्येच सोडून मळ्यात राबलेला. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी वाटलेल्या मुळ्यांचा वास घेऊन तू चार नावं सांगितलीस आणि मी पुस्तकात पान शोधत होतो. तेव्हापासून मी तुझ्यावर खार खाऊन होतो, हे आता सांगून टाकतो. दोन वर्षांनी त्याच टेबलाच्या ह्या बाजूला आपण शिकवायला उभे राहिलो तेव्हा कुठे तो खार उतरला. पुरता उतरला नाही म्हण.

तू शिकवायचास ते मला कधी जमलं नाही. बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची पट्टी कापायची, एवढीशी गोष्ट. मी पोरांना माप सांगायचो. तू सगळ्यांना पट्ट्या कापायला लावून त्या एकावर एक धरायचास आणि खिडकीच्या उजेडात बघायचास. एकाचीही खाच इकडेतिकडे दिसली की सगळ्यांनी पुन्हा कापायच्या. ‘बाई अडानी हाये, तिले वाचता येत नाई, थे पट्टी पाहून लेकराले औषद पाजते,’ असं म्हणायचास. एवढंच. पोरं तुला शिव्या द्यायची आणि पट्ट्या बिनचूक कापायची.

पण दर मार्चअखेर तुझा नेमणुकीचा हुकूम संपायचा. हंगामी माणसाची रीतच ती. एप्रिलच्या पहिल्या तारखेला तू औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात द्यायचास, मी तुला पोच लिहून द्यायचो, आणि तू पिशवी उचलून अकोल्याची गाडी धरायचास. जूनमध्ये नवा हुकूम निघाला तर यायचं. निघेल की नाही हे जूनपर्यंत कुणालाच ठाऊक नसे. ती पोच लिहिताना मला दरवर्षी लाज वाटायची. तू मात्र वाचून बघायचास, तारीख बरोबर आहे की नाही.

आता त्या वहीचं सांगायलाच हवं. आपल्या जुन्या डॉक्टरांनी लावलेली शिस्त ती. औषध बनवताना जो चुकेल त्याने स्वतःच्या हाताने चूक वहीत लिहायची, खाली सही करायची. लिहिलेल्या चुकीला शिक्षा नाही, न लिहिलेल्या चुकीला आहे, असं ते म्हणत. फार शहाणा माणूस. खिडकीशेजारी खिळ्याला सुतळीने ती वही टांगलेली असे. ते गेल्यावर नागपूरहून येणारे परीक्षक ती वही चाळू लागले आणि ज्या पोराचं नाव आत दिसेल त्याच्या दाखल्यावर शेरा मारू लागले. शेरा पडलेल्याला कोण दवाखाना घेतो?

म्हणून तू पोरांच्या चुका स्वतःच्या नावावर लिहायला लागलास. एकाने ड्रॅमच्या जागी औंस, म्हणजे आठपट, ओतला होता. दुसऱ्याने लेकराच्या पुडीत मोठ्या माणसाचा डोस बांधला होता. दोन्ही वेळा औषध खिडकीबाहेर जायच्या आत तूच पकडलंस. मग त्या पोराला आठवडाभर साध्या पाण्याने तीच बाटली मापून भरायला लावलीस, आणि वहीत मात्र तुझी सही. ह्यावरून आपण किती भांडलो! ज्याची चूक त्याच्या नावावर, असं माझं म्हणणं. ‘पोट्टा शिकून राहिला,’ तू म्हणायचास. ‘मी शिकलेला हावो. मायावर लिवलं तं काय बिघडते?’

मला हे अजूनही पटलेलं नाही. तू असतास तर आत्ताही भांडलो असतो. पण ह्या भांडणात तुझ्याकडे एक शस्त्र होतं आणि तू ते एकदाच काढलंस. ‘तुयी चूक तुया नावावर काहून नाई मंग?’ एवढंच विचारलंस. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

ते झालं होतं असं. माझा कायम होण्याचा कागद दवाखान्याच्या कमिटीपुढे गेला होता आणि निकाल पंधरा दिवसांवर आला होता. बाजाराचा दिवस, खिडकीवर ही गर्दी. मी एका म्हाताऱ्याच्या चोळायच्या तेलाच्या बाटलीवर पोटात घेण्याच्या औषधाची चिठ्ठी लावली. म्हाताऱ्याने तिथेच ओसरीवर बसून घोट घेतला. तुला त्याचा ठसका ऐकू आला. तू धावत गेलास, त्याला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलंस, संध्याकाळपर्यंत त्याच्यापाशी बसलास, आणि तो आपल्या पायांनी घरी गेला. मी टेबलाला धरून उभा होतो.

मग तू आत आलास, वही काढलीस आणि लिहायला लागलास. मी म्हणालो, ‘काय करून राहिला बे?’

‘तुया कागद वर गेला हाये. माया कागदाले अजून टाइम हाये.’

‘पन चूक मायी हाये.’

‘मंग मी कोठं म्हनतो का तुयी नाई?’

आणि सही केलीस. मी तुझा हात धरला नाही, महादेव. धरला असता तर सगळंच वेगळं झालं असतं. मी शाई वाळेपर्यंत बघत राहिलो. पंधरा दिवसांनी मी कायम झालो. तू मला भेटायला आलास तो पिशवीभर वांगी घेऊन.

पुढे चारेक वर्षांनी नागपूरच्या सरकारी खात्याकडून पत्र आलं: शिक्षकांना कोणत्या अटींवर कायम करता ते कळवा. कमिटीची तोपर्यंत अटच नव्हती, मर्जी होती. आता अटी लिहायच्या ठरल्या आणि पहिलीच सुचली ती मॅट्रिक पास असण्याची. ही एक अट तुला जन्माची अडवणार होती. मी उठून बोललो, आणि बरं बोललो. औषध मॅट्रिकचा दाखला बनवत नाही, माणसाचा हात बनवतो. हात कसा आहे हे बघायचं तर आपल्याकडे वही आहे. ज्याच्या नावावर चुका थोड्या तो कायम करावा. सगळ्यांना पटलं. कमिटीच्या सेक्रेटरी डॉक्टरांनी विचारलं, ‘किती चुका चालतील, मास्तर?’ मी मोठ्या मनाने म्हणालो, ‘तीन. तीनपर्यंत माफ.’

आपल्यात तुझा हात सगळ्यात चांगला. मला वाटलं, तुझ्या नावावर तीनच असतील. दोन पोरांच्या, एक माझी. वही उघडून बघावी हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मी ती वही त्या दिवसापासून उघडतच नव्हतो. ते पान मला दिसायला नको होतं.

पुढच्या मीटिंगला तुझा कागद निघाला. सेक्रेटरींनी वही मागवली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि मोजलं. चार. दोन पोरांच्या, एक माझी, आणि चौथी एकटी तुझी स्वतःची: सात पुड्या बांधायच्या तिथे सहा बांधल्या. ती तर कुणाच्या लक्षातही आली नव्हती. तू आपण होऊन लिहिली होतीस. एवढा प्रामाणिकपणा तुला कुणी सांगितला होता?

‘एकच जास्त आहे, पण अट म्हणजे अट,’ डॉक्टर म्हणाले. ‘आणि ती तुमच्याच सूचनेवरून केलेली.’

तू बाहेर व्हरांड्यात उभा होतास. माझा चेहरा बघून तुला कळलं. मी म्हणालो, ‘एक मायी हाये. मी आत जाऊन सांगतो.’

‘काय सांगशीन? महादेवनं खोट्या सह्या केल्या म्हून? मंग मले हंगामी तरी ठेवतीन का? अन् तुले? अन् त्या दोन पोट्ट्याइचं काय? एक अंजनगावले लागला, एक मूर्तिजापूरले. त्याइलेबी काढतीन.’

‘मंग काय करावं?’

‘गप राय. चाल, वर्गाची येळ झाली.’

तू पुढे निघालास आणि मी मागून आलो. वर्गात जाऊन तू पोरांना मलम घोटायला शिकवलंस. मी तुझं म्हणणं पुन्हा पुन्हा तपासलं आणि मला ते प्रत्येक वेळी बिनचूक दिसलं. एक माझी कमी झाली असती तर तीन उरल्या असत्या, तू अटीत बसला असतास. पण ती कमी करायची तर खोटी सही उघडी पडणार, आणि खोटी सही उघडी पडली की सगळेच जाणार. कुठूनही निघालं तरी दार बंदच. हे सगळं खरं होतं. पण त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं, हेही तितकंच खरं आहे. तुझ्या शब्दामागे मला लपायला जागा मिळाली होती.

मग दरवर्षी तेच. मी कमिटीला लिहायचो की जुन्या चुका धरू नयेत. ते म्हणायचे, नागपूरला कळवून झालंय, आता बदलता येत नाही. आणखी एक गोष्ट झाली, ती तू मला आधी दाखवलीस. अट आल्यापासून वहीत कुणी काही लिहीनासं झालं. चुका काय थांबल्या होत्या? जो चुकायचा तो आता गुपचूप बाटली मोरीत ओतायचा. ज्याने कधी काही लिहिलं नाही त्याचं पान कोरं, आणि कोरं पान म्हणजे उत्तम शिक्षक. अटीप्रमाणे ह्या वर्गातला सगळ्यात उत्तम शिक्षक मी आहे.

तू सोडून का गेला नाहीस? अकोल्याच्या त्या डॉक्टरांनी तुला दोनदा बोलावलं होतं. घरापासून चालत जायच्या अंतरावरचा दवाखाना. मी तुला जा जा म्हणायचो, कारण तू गेलास की मला तुझं तोंड रोज बघावं लागलं नसतं. हे वाईट आहे, पण होतं. तू म्हणायचास, ‘आता सोडलं तं मागचे सारे वर्षं पान्यात.’ पुढच्या वर्षी त्यात आणखी एक वर्ष जमा व्हायचं आणि सोडणं आणखी अवघड. तुझ्यावर मी चिडायचो. मी तरी कुठे मोकळा होतो? कायम असूनही मला ह्या खोलीतून हलता येत नव्हतं. मी गेलो असतो तर दरवर्षी कमिटीपुढे तुझा कागद ठेवणारं कुणी उरलं नसतं. दोघंही एकमेकांच्या नावाने अडकून पडलो आणि वरून हसत होतो. हसत होतो हे मात्र खरं. सोमवारी सकाळी बडनेऱ्याहून येणाऱ्या गाडीतून तू उतरायचास, खांद्यावर मळ्यातल्या भाजीची पिशवी, आणि स्टेशनपासून वर्गापर्यंत आपण ज्या गप्पा मारायचो तशा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी मारल्या नाहीत. त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही. आता म्हणतो. तू होतास म्हणून हे दिवस काढले.

परवा अकोल्याला जाऊन आलो. जठारपेठेतलं तुझं घर माणसांनी भरलेलं. दारात फुलांची टोपली, विक्री बंद म्हणून, पालथी घातलेली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या,

‘भाऊजी, थे कायम झाले त्या दिवशी आमी गल्लीत पेढे वाटले होते. सासूबाई होत्या तवा.’

मला काही कळेना.

‘थे घरी याच्या आंदीच वाटून टाकले सासूबाईनं. म्हने, मीटिंग हाये, माया लेकाचं काम होतेच. थे आले, पेढा पाह्यला, अन् खाल्ला. कायी बोलले नाईत. दमले होते म्हना.’

मग त्यांनी आवाज खाली केला. ‘थो कायमचा कागद त्याइनं कधी घरी आनला नाई. म्हनत, आफिसात ठेवा लागते. त्याची नक्कल भेटन का? दीर म्हनतात, सारी जिंदगी अमरावतीले घातली, काय झाला तिकडं? मले त्याइले दाखवाचा हाये. मंग देवघरात ठेवीन.’

किती वर्षं तू ते सांभाळलंस, महादेव! दर एप्रिलला घरी जाऊन उन्हाळ्याची सुट्टी आहे म्हणून सांगत असशील. एक पेढा तोंडात घातलास आणि त्यातून तुला पुन्हा निघता आलं नाही. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. आणि मी? वहिनींना काय म्हणालो माहीत आहे? ‘आनतो,’ म्हणालो.

परतीच्या गाडीत मी ठरवलं. आता तुला कोण काढणार? दोन्ही पोरांची नावं घ्यायचं कारणच नाही, चारातली माझी एक कबूल केली की तीन उरतात आणि अट पुरी होते. फार तर माझं जाईल, जाऊ दे. घरी आल्यावर कबुली लिहून काढली. म्हातारा, तेलाची बाटली, चुकीची चिठ्ठी, खाली केलेली तुझी सही, सगळं. तीनदा लिहिली, चांगल्या अक्षरात. आज सकाळी ती कोटाच्या खिशात घालून मीटिंगला गेलो.

दुखवट्याचा ठराव पहिला होता. मी उभा राहिलो. म्हणालो, ‘ठरावाआधी मला थोडं बोलायचं आहे. महादेवराव हंगामी होते, त्याबद्दल.’

सेक्रेटरी डॉक्टरांनी हात वर केला. ‘अहो मास्तर, आता कसलं हंगामी? कायम लिहा. बाईंना बरं वाटेल.’

‘पण अट...’

‘अटी जिवंत माणसांसाठी असतात. आता ते काय वर्ग मागायला येणार आहेत?’

कमिटीतले वकील म्हणाले, हरकत नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी वही मागवली नाही. कुणी मोजलं नाही. ज्या शब्दासाठी तू दर जूनला हुकमाची वाट बघत बसलास तो त्यांनी पान लावायला लागेल तेवढ्या वेळात देऊन टाकला. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मी उभाच होतो. उजवा हात खिशात होता आणि बोटांना तो कागद लागत होता. बोललो असतो तर तो शब्द तुझ्या हक्काचा झाला असता, आणि त्या वहीतली ती चूक तुझी नव्हे हे ह्या लोकांना एकदा तरी कळलं असतं. माझे आता काय, थोडे महिने राहिलेत नोकरीचे. तेवढ्यासाठी मी हिशेब करत होतो. दोन मिनिटं झाली, सगळे बसले. मीही बसलो.

ठराव मीच लिहिला, त्यांनी सही करून दिला. ‘आमचे कायम शिक्षक कै. महादेवराव.’ उद्या पहिल्या गाडीने तो घेऊन अकोल्याला जातो आहे. वहिनी तो दिरांना दाखवतील. त्यांच्या हातात तो देताना मला त्यांच्याकडे बघता येणार नाही, तेवढं तू सांभाळून घे.

पहिल्या वेळी तू मला गप राय म्हणाला होतास. आज मला कुणीही गप्प बस म्हणालं नव्हतं.